पेट-सीटीत गाठ "विझली" म्हणतात, पण गाठ तर आहेच की अजून?

रामबागवाली
नमस्कार सगळ्यांना, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलंबिकलं तर सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचे. माझा धाकटा भाऊ, २६ वर्षांचा, त्याला जानेवारीत हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. दोन महिने नुसता खोकला खोकला म्हणून सिरप पिऊन राहिला होता, मग एक्सरेत छातीच्या मधोमध हे एवढं दिसलं. एबीव्हीडी नावाची चार औषधांची कीमो चालू आहे, दर पंधरा दिवसांनी एक, अशा चार झाल्या म्हणजे दोन सायकल पूर्ण. मागच्या आठवड्यात मधली पेट-सीटी झाली आणि रिपोर्ट आल्यापासून घरात नुसता गोंधळ.

आकडे देते. कीमोच्या आधी छातीतली गाठ ९.२ सेंटिमीटर आणि एसयूव्ही मॅक्स, म्हणजे पेटमधल्या चमकेचा आकडा, १४.६. आता गाठ ६.८ आणि एसयूव्ही २.३. खाली लिहिलंय डोव्हिल स्कोअर ३. डॉक्टर रिपोर्ट बघून हसले, तीन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना, म्हणाले विझलीये गाठ, आता पुढच्या चार सायकलमधून ब्लिओमायसिन हे एक औषध काढून टाकू. पाच मिनिटांत आम्ही बाहेर, कारण मागे चाळीस पेशंट बसलेले.

घरी आलो तर काका हजर. काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले इंजिनिअर, त्यांनी आधी चष्मा काढला, मग कॅल्क्युलेटर काढला, ९.२ चे ६.८ म्हणजे २६ टक्के कमी. मग नेटवर शोधलं की गाठ निदान ३० टक्के बारीक झाली तरच औषध लागू पडलं म्हणतात, नाहीतर "स्टेबल डिसीज". आता त्यांचं म्हणणं असं की एक तर गाठ हलली नाही आणि वरून चारातलं एक औषध कमी करतायत, म्हणजे यांनी हात टेकले. अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं काढ म्हणून माझ्या मागे लागलेत, मुंबईला टाटात दाखवायचं. आई देवासमोरून उठत नाहीये. आणि ज्याला आजार आहे तो म्हणतो, मला बरं वाटतंय, रात्रीचा घाम थांबलाय, मला सराफ्यात खायला जाऊ द्या.

अजून एक, रिपोर्टमध्ये बोन मॅरोमध्ये (हाडांच्या मगजात) सगळीकडे अपटेक, म्हणजे चमक, वाढलाय असंही लिहिलंय. पहिल्या रिपोर्टमध्ये हे नव्हतं. काकांनी हे अजून वाचलेलं नाही आणि मी दाखवलेलंही नाही.

कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज साध्या भाषेत सांगा. विझली म्हणजे काय? गाठ ६.८ ची आहेच ना आत?

कडक_चहा
ताई, डॉक्टर नाही मी, पण खोकला आणि रात्रीचा घाम थांबला ही काय छोटी गोष्ट आहे का. काकांना म्हणावं जरा दमानं घ्या. माहितगार लोक येतीलच, तोवर धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

ग्वाल्हेरची_सून
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्येच काम करते, कुठे ते विचारू नका. तुमच्या भावाच्या प्लेट्स मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांच्या जागी नाही, पण रिपोर्ट वाचायचा कसा तेवढं सांगते. लांब होईल.

पेटच्या आधी जे इंजेक्शन देतात ना, एफडीजी, ती साखरच असते, तिला फ्लोरिन-१८ चिकटवलेलं असतं. पेशी ती साखर समजून आत ओढते, पण पचवता येत नाही म्हणून ती आतच अडकते, आणि तिथून जो किरणोत्सर्ग येतो तो मशीन पकडतं. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या बाबतीत अधाशी असतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. तर पेट गाठीचा आकार दाखवत नाही, गाठ किती खातेय ते दाखवतं. कीमो लागू पडली की खाणं आधी थांबतं, काही वेळा थोड्याच दिवसांत. मेलेल्या पेशी शरीराने साफ करायला आठवडे, महिने लागतात. म्हणून सीटीला जे दोन-तीन महिन्यांनी कळतं ते पेटला आधी कळतं.

हॉजकिन्समध्ये तर ही गोष्ट फारच जाणवते, कारण त्या गाठीत खऱ्या कॅन्सर पेशी साधारण एक टक्का असतात, बाकी सगळी सूज आणि तंतूंचं जाळं. कॅन्सर मेला तरी ते जाळं, म्हणजे व्रण म्हणा, छातीत तसंच पडून राहतं. उपचार संपून वर्षं झाली तरी सीटीत काहीतरी दिसत राहिलंय असे पेशंट मी कितीतरी बघितलेत.

आता डोव्हिल. डोव्हिल हे फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव, २००९ मध्ये तिथे लिम्फोमावाले डॉक्टर जमले आणि पाच पायऱ्यांचं माप ठरवलं. मला ते माप आवडतं कारण त्यात पेशंटची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. गाठीत काहीच चमक नाही तर १. छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताइतकी किंवा कमी तर २. रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरपेक्षा जास्त नाही तर ३. लिव्हरपेक्षा बऱ्यापैकी जास्त ४, आणि फारच जास्त किंवा नवीन जागी काही दिसलं तर ५. तुमच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचा एसयूव्ही कुठेतरी लिहिलेला असेल, बघा, २.३ पेक्षा थोडा जास्तच असणार. दोन सायकलनंतरच्या पेटमध्ये १, २, ३ हे निगेटिव्ह धरतात. म्हणजे पास.

ब्लिओमायसिन काढण्याबद्दल. हात टेकलेत म्हणून नाही, पास झाला म्हणून काढतायत. २०१६ मध्ये रॅथल नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात पुढच्या स्टेजचे हॉजकिन्सचे पेशंट होते, सगळ्यांना दोन सायकल एबीव्हीडी देऊन पेट केलं. सुमारे ८४ टक्के निगेटिव्ह निघाले. त्यांचे दोन गट केले, एकाला चारही औषधं चालू ठेवली, दुसऱ्याचं ब्लिओमायसिन बंद केलं. तीन वर्षांनी आजार पुन्हा न वाढलेले ८५.७ विरुद्ध ८४.४ टक्के. फरक जवळपास नाही, पण छातीचे त्रास दुसऱ्या गटात कमी. ब्लिओमायसिन फुफ्फुसाला कडक करतं कधीकधी, आणि ते परत मऊ होत नाही. २६ वर्षांच्या मुलाचं फुफ्फुस वाचत असेल तर का नको?

बोन मॅरोचं: मधे पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं का, पोटात टोचतात ते? दिलं असेल तर मॅरो कामाला लागलेला असतो, साखर खातो, आणि पेटमध्ये सगळीकडे एकसारखा उजळतो. कीमोनंतर नुसता सावरणारा मॅरोही तसा दिसतो. एकसारखा पसरलेला असेल तर सहसा हेच कारण. ठिपके ठिपके असते तर वेगळं बोलले असते. तरी डॉक्टरांना विचारा.

रामबागवाली
हो!! दिलं होतं, तीन दिवस, घरीच कंपाउंडर येऊन टोचून गेला. लिव्हर पण सापडलं, २.६ लिहिलंय. आता रडू येऊन राहिलंय मला. पण काकांच्या ३० टक्क्यांचं काय, ते तर म्हणतात जगभरात हाच नियम.

ग्वाल्हेरची_सून
काका चुकीचं वाचत नाहीयेत, चुकीच्या आजाराला लावतायत. ३० टक्क्यांचा नियम रेसिस्टचा, २००० साली आला, २००९ मध्ये सुधारला, तो फुफ्फुस, आतडं, ब्रेस्ट असल्या घट्ट गाठींच्या कॅन्सरसाठी. लिम्फोमाचं मोजमाप लुगानो पद्धतीने होतं, २०१४ ची, आणि त्यात पेटचा शब्द आधी.

आणि काका इंजिनिअर आहेत तर त्यांना हे सांगा, आवडेल. १९७६ मध्ये मोर्टेल आणि हॅन्ली या दोघांनी अमेरिकेत एक गंमतशीर प्रयोग केला. बारा टणक गोळे ठेवले, वर फोम अंथरला आणि सोळा अनुभवी कॅन्सर डॉक्टरांना फोमवरून चाचपून मापं घ्यायला सांगितली. तेव्हा गाठी हातानेच मोजायचे ना. तर लक्षात आलं की तोच गोळा परत मोजला तरी माप बदलतं, २५ टक्क्यांच्या फरकावर विश्वास ठेवला तर फार वेळा फसायला होतं, म्हणून लांबी गुणिले रुंदी ५० टक्के कमी झाली तरच खरी घट मानायची. पुढे एकच व्यास मोजायचं ठरलं, आणि क्षेत्रफळ ५० टक्के कमी म्हणजे व्यास साधारण ३० टक्के कमी. ७० गुणिले ७० करून बघा म्हणावं. म्हणजे त्या ३० चं मूळ माणसाच्या हाताच्या चुकीत आहे, गाठीच्या स्वभावात नाही. आणि व्यास ३० टक्के कमी म्हणजे गोळ्याचं आकारमान सुमारे ६६ टक्के कमी, हेही त्यांनाच काढू दे.

मिलवाला_भिया
आमचे आजोबा इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते म्हणून माझ्या डोक्यात हेच येतं. १९९१ ला मिल बंद पडली, भोंगा गप्प, चिमणीतून धूर नाही, पण भिंती कितीक वर्षं उभ्याच होत्या ना भिया. तेव्हा काकांनी टेप लावून मोजली असती तर म्हणाले असते मिल चालू आहे, एक इंचसुद्धा कमी झाली नाही. पेटवाला बघतो धूर येऊन राहिला की नाही, सीटीवाला भिंत मोजतो.

असो. मी पण हॉजकिन्सवाला, २०१९ ची केस, इथेच इंदूरात. आणि माझा दोन सायकलनंतर ४ आला होता. त्या दिवशी मी राजवाड्याजवळ गाडी लावली आणि अर्धा तास गाडीतच बसून राहिलो. मग डॉक्टरांनी औषध बदललं, बीकॉप नावाचं जास्त जोराचं दिलं, त्याने जी हालत झाली ती सांगत नाही, केस तर गेलेच, जीभ सोलून निघाली, दोनदा ॲडमिट. पण शेवटच्या पेटला स्कोअर २ आणि आज धडधाकट आहे, परवाच पाताळपाणीच्या धबधब्याला जाऊन आलो. सांगायचं हे की मधली पेट ही पास-नापास परीक्षा नाही, नापास झाला म्हणजे खेळ संपला असं नाही, तेव्हाच कळलं म्हणून तर औषध बदलता आलं, सहा महिने चुकीचं औषध घेऊन शेवटी कळलं असतं तर?

आणि ताई, पुढच्या वेळेसाठी, पेटच्या दिवशी भावावर नजर ठेवा. माझ्या बरोबर एक मामा होते वेटिंगमध्ये, उपाशी या सांगितलेलं, पण सकाळी सकाळी खजराण्याच्या गणपतीला जाऊन आले आणि प्रसादाचा लाडू खाल्ला. प्रसादाला नाही कसं म्हणणार म्हणे. सिस्टर डोक्याला हात लावून बसली, दुसऱ्या दिवशी बोलावलं त्यांना.

ग्वाल्हेरची_सून
मिलचं उदाहरण मी उद्यापासून पेशंटना सांगणार, हरकत नसेल तर :)

लाडूने नक्की काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं उपाशी ठेवणं म्हणजे हॉस्पिटलची सवय. गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन साखरेला स्नायूंत ढकलतं, मग आमची एफडीजी पण दंड-मांड्यांत जाऊन बसते आणि गाठीला कमी मिळते. गाठ खोटीच विझलेली दिसेल. म्हणून निदान चार ते सहा तास उपाशी, साखर २०० च्या आत, आदल्या दिवशी जिम-पळणं बंद. इंजेक्शननंतर तासभर ब्लँकेट घेऊन गप्प पडायचं, थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी चमकते आणि ती नेमकी लिम्फोमाच्या जागेजवळ. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे आमची घाई खरी असते, पेशंटला वाटतं आम्ही खेकसतो.

आणि एसयूव्ही हा आकडा लोक सोन्याच्या भावासारखा बघतात, १४ वरून २ आला वगैरे. एसयूव्ही म्हणजे दिलेलं औषध अंगभर सारखं पसरलं असतं तर १ आला असता, त्याच्या किती पट गाठीत आहे. तो वजनावर, साखरेवर, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी फोटो काढला त्यावर आणि मशीनवर बदलतो. एकदा साठ मिनिटांनी आणि एकदा नव्वद मिनिटांनी केलं तर त्याच गाठीचा आकडा वेगळा. म्हणून आधीची आणि नंतरची पेट शक्यतो एकाच मशीनवर. आणि कीमोनंतर लगेच नाही, दहा-बारा दिवस जाऊ देतात. रेडिएशन झालं असेल तर सुमारे तीन महिने, कारण भाजलेली जागाही सुजून चमकते.

तिरका_माणूस
सगळे पेटची आरती ओवाळून राहिलेत म्हणून दोन शब्द उलटे. टीबीची गाठ पण पेटमध्ये दिवाळीसारखी चमकते. आपल्याकडे टीबी काय कमी आहे का. माझ्या मेव्हण्याला उपचाराच्या मधे मानेत नवीन गाठ चमकली, सगळ्यांनी गृहीत धरलं की कॅन्सर पसरला, एक म्हातारे सर्जन अडून बसले की आधी सुई टाका, टीबी निघाला. चमकलं म्हणजे कॅन्सर असं नाही आणि न चमकणारे कॅन्सरही असतात, प्रोस्टेटचा बऱ्याचदा एफडीजीला दाद देत नाही.

दुसरं, माझ्या वडिलांना पोटात जीस्ट, म्हणजे जठर-आतड्याच्या भिंतीतला एक कॅन्सर होता, इमॅटिनिब नावाची गोळी चालू केली, दोन महिन्यांनी सीटीत गाठ थोडी मोठीच झाली. आमचं धाबं दणाणलं. पण रेडिऑलॉजिस्टने सांगितलं की गाठ आतून पातळ, गडद झालीये, पाणी भरल्यासारखी, म्हणजे मरतेय. २००७ पासून त्यासाठी चोईचा नियम आहे म्हणे, आकार १० टक्के कमी किंवा सीटीतली घनता १५ टक्के कमी झाली तरी औषध लागू पडलं. इमॅटिनिबमध्ये पेट तर काही दिवसांतच थंड होतं असंही ते म्हणाले, पण आमच्याकडे त्या खर्चाची ताकद नव्हती, साध्या सीटीवरच काम भागलं. म्हणून म्हणतो, सगळ्यांनी उठून पेट करायची गरज नसते, डॉक्टरला विचारा की या फोटोने तुमचा निर्णय बदलणार आहे का, नसेल तर कशाला.

सानंदची_प्रेक्षक
माझ्या जाऊबाईंना ब्रेस्टचा आहे, ऑपरेशनच्या आधी कीमो चालू, त्यांना मधे एमआरआय सांगितलाय. पेट नको का मग?

ग्वाल्हेरची_सून
ब्रेस्टमध्ये ऑपरेशनआधीच्या कीमोला एमआरआय चांगला. त्यात डिफ्यूजन म्हणून एक प्रकार असतो, पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते दिसतं. गच्च भरलेल्या गाठीत पाण्याला जागा नसते, पेशी मरायला लागल्या की जागा होते, पाणी मोकळं फिरतं, आणि हे गाठ बारीक व्हायच्या आधी कळू शकतं. जाऊबाईंना बरोबरच सांगितलंय.

तिरकेभाऊंचं शेवटचं वाक्य माझ्याकडून दोनदा वाचा. आणि एक भर, ज्यांना इम्युनोथेरपी चालू आहे त्यांच्यात काही वेळा आधी गाठ फुगते, कारण आपल्याच पांढऱ्या पेशी आत घुसतात, आणि मग ओसरते. असं सगळ्यांत होत नाही, फुगली म्हणजे बरी होतेय असा उलटा अर्थही काढू नका. तिथे पेशंटची तब्येत बरी असेल तर चार ते आठ आठवड्यांनी परत फोटो काढून मगच ठरवतात.

रामबागवाली
काल रात्री काकांना हे सगळं वाचून दाखवलं. फोमखालच्या गोळ्यांवर ते जे गप्प झाले ते दहा मिनिटं कागदावर काहीतरी करत बसले, मग म्हणाले ६५.७ टक्के, सुमारे कशाला लिहिते ती बाई. आणि मग हळूच विचारलं की पण विझली आहे तर अजून चार सायकल कशाला, आठ सुया कशाला? खरं सांगू तर हाच प्रश्न भावाचाही आहे. त्याच्या हाताच्या शिरा पार काळ्या पडल्यात.

ग्वाल्हेरची_सून
काकांना माझा नमस्कार सांगा, ६५.७ बरोबर.

पेटचे डोळे फार बारीक नाहीत. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात असं धरतात. शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या तरी एक कोटी उरतात, आणि त्या काही मिलिमीटरच्या ढिगात असतील तर आमच्या मशीनला दिसणारच नाहीत. पेट निगेटिव्ह म्हणजे शून्य नाही, आम्हाला दिसण्याइतकं उरलं नाही, एवढंच. पण दोन सायकलमध्ये इतकं खाली आलं याचा अर्थ औषध याच्या कॅन्सरला चावतंय, त्या न दिसणाऱ्यांनाही तेच चावेल, म्हणून पूर्ण करायचं. शिरांसाठी डॉक्टरांना पोर्ट किंवा पिक लाइनबद्दल, म्हणजे मोठ्या शिरेत घालून ठेवायच्या नळीबद्दल विचारा, आत्तासुद्धा घालता येते.

मुंबईला दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, काही चूक नाही त्यात, फक्त पुढच्या कीमोची तारीख पुढे ढकलून नको. आणि जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, दोन्ही पेटच्या सीडी न्या. शेजारी शेजारी उघडून बघितल्याशिवाय कुणीच नीट मत देऊ शकणार नाही.

रामबागवाली
सीडीचीच तर कालपासून शोधाशोध चालू होती, पहिली सापडत नव्हती, मी सेंटरला फोन करून भांडले सुद्धा, त्यांनी दिलीच नाही म्हणून. आत्ता सापडली. काकांच्या फाइलमध्ये, घरपट्टीच्या पावत्यांच्या मागे, वर त्यांच्या अक्षरात तारीख आणि "मूळ प्रत". अवंतिकेची तिकिटं कॅन्सल केलीत, सीडी कुरियरने जाणार, सोमवारी पाचवी कीमो आहे. सेंटरवाल्यांना परत फोन करून सॉरी म्हणायचंय. भावाला डॉक्टरांनी सराफ्याला नाहीच म्हटलं, पांढऱ्या पेशी कमी आहेत, बाहेरचं खायचं नाही, म्हणून आई आत्ता घरी भुट्ट्याचा कीस करून राहिली आहे आणि तो ओट्याशी उभा राहून कढईतूनच खातोय.